सायकलचा घरगुती एलईडी हेडलाइट: उजेड भरपूर, रस्ता मात्र दिसत नाही

आधी लक्षणं. तुमच्या दिव्याला यांतलं कोणतं लागू पडतं ते बघून घ्या, पुढची तपासणी त्यावर ठरते.

- भिंतीवर पडणाऱ्या गोलाच्या मधोमध काळपट भोक, भोवती उजळ कडं
- ठिपका गोल नाही, एका बाजूला धूमकेतूसारखी शेपटी
- चाकापुढचे दोन-तीन मीटर लख्ख, त्यापलीकडे अंधार
- लांबची पाटी वाचता येते, पण समोरचा खड्डा चाक आत गेल्यावर कळतो
- समोरून येणारा डोळ्यांवर हात धरतो
- गोल मध्ये निळसर, कडेला पिवळट
- पावसात ठिपका पसरतो, दुसऱ्या दिवशी आपोआप बरा
- दहा-पंधरा मिनिटांत दिवा मंदावतो
- रिफ्लेक्टर कसला की दिवा बंद, ढिला केला की चालू

पहिली सात लक्षणं एलईडीच्या ताकदीची नाहीत. ती लेन्सची, रिफ्लेक्टरची आणि त्यांच्या बसवणीची आहेत. तरी पहिला खर्च जवळपास नेहमी मोठ्या एलईडीवर होतो. तो का वाया जातो, याचा हिशोब पुढे दिला आहे. त्याआधी फुकटच्या गोष्टी.

सेल आणि कोन

सेल पूर्ण भरलेला घ्या. १८६५० मापाचा लिथियम सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो. तो ३.२ च्या आसपास उतरला की साधा लिनिअर ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला करंट मोजून देणारं सर्किट, ठरलेला करंट देऊ शकत नाही. दिवा मंद होतो आणि दोष बिचाऱ्या लेन्सच्या माथी बसतो.

मग अंधार पडल्यावर कंपाउंडच्या भिंतीसमोर सायकल उभी करा. दिव्यापासून भिंत ३ मीटर हवी, टेपने मोजूनच. दिवा जमिनीपासून जितका उंच, तितक्याच उंचीवर भिंतीवर कागदी टेपची आडवी पट्टी लावा. हँडलवरचा दिवा साधारण १ मीटर उंच असतो. ठिपक्याचा मध्य रस्त्यावर १० मीटर पुढे पडायला हवा असेल, तर किरण दर मीटरला १० सेंमी उतरायला हवा. म्हणजे या भिंतीवर ठिपक्याचा मध्य पट्टीच्या ३० सेंमी खाली दिसला पाहिजे. अनेकांचा तो पट्टीवरच असतो, कारण दिवा ‘सरळ’ दिसेल असा बसवलेला असतो. तसा दिवा रस्त्यावर कमी आणि समोरच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर जास्त पडतो.

पट्टीच्या वर जो उजेड दिसतो, तो तुमच्या कामाचा नाही. तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हे एवढं लक्षात ठेवलं तरी लेन्स निवडणं अर्धं सोपं होतं.

‘दोन-तीन मीटर लख्ख आणि पुढे अंधार’ या लक्षणाचंही मूळ बहुतेक वेळा कोनातच असतं. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. सारख्याच तीव्रतेचा किरण ३ मीटरवर जेवढा उजेड देतो, त्याचा सोळावा भाग १२ मीटरवर देतो. चाकाजवळचा रस्ता जितका लख्ख, तितकी डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं आणखीच दिसेनासं होतं. दिवा थोडा वर उचलून बघा. बरेचदा दुरुस्ती इथेच संपते.

आणि ही पारख सिमेंट रस्त्यावर करू नका. नागपूरचे सिमेंट रस्ते फिकट करड्या रंगाचे, उजेड छान परत पाठवतात. तोच दिवा गोरेवाड्याकडच्या ओल्या डांबरावर किंवा काळ्या मातीच्या कडेवर गेला की विझल्यासारखा वाटतो.

पुसणं, आणि काय लावून पुसू नये

नव्या लेन्सवर कधी कधी पातळ संरक्षक फिल्म असते, ती तशीच राहते. बोटाचे ठसे, उन्हाळ्यातली धूळ, पावसाळ्यात फुटाळ्याच्या बाजूला येऊन चिकटणारे किडे, या सगळ्याने ठिपक्याची कड विस्कटते. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ सुती कापड पुरेसं आहे. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल अजिबात नको. बहुतेक लेन्स ॲक्रिलिकच्या असतात, त्या थिनरने क्षणात पांढुरक्या होतात. स्पिरिटनेही बारीक तडे जाऊ शकतात.

लेन्स आतून पांढुरकी दिसत असेल आणि घासून जात नसेल, तर जोडताना इन्स्टंट ग्लू वापरला होता का ते आठवा. त्याची वाफ बंद डबीत ॲक्रिलिकवर दुधाळ थर धरते. अशी लेन्स बदलावीच लागते.

दिवा बंद ठेवून करायची तपासणी

ही सगळ्यांत कामाची आणि हिला एक पैसा लागत नाही. दिवा बंद. दिवसा, तुमच्या अंगावर उजेड असेल अशा जागी उभे राहा. दिवा दोन-तीन मीटर अंतरावर ठेवा आणि एक डोळा मिटून बरोबर समोरून लेन्समध्ये बघा. पांढऱ्या एलईडीवर फॉस्फरचा पिवळा चौकोन असतो. लेन्स किंवा रिफ्लेक्टर नीट फोकसमध्ये असेल तर तो चौकोन पसरून अख्खं तोंड पिवळं दिसतं, अगदी हळद फासल्यासारखं.

कड पिवळी आणि मध्ये चंदेरी कडं दिसलं, तर एलईडी आणि रिफ्लेक्टरमधलं अंतर चुकलं आहे. भिंतीवरचं काळपट भोक ते हेच. पिवळेपणा एका बाजूला झुकलेला दिसला, तर एलईडी मधोमध नाही किंवा रिफ्लेक्टर तिरका बसला आहे. शेपटी तिथूनच येते. डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवा. दोन्हीकडे पिवळेपणा सारख्याच कोनाला सुटला पाहिजे.

अर्ध्या मिलिमीटरची भानगड

आता डबी उघडावी लागते. सेल काढून ठेवा.

तिरकेपणाचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. एलईडी ज्या ताऱ्याच्या आकाराच्या ॲल्युमिनियम पट्टीवर असतो, तिच्यावर वायर जोडल्याचे सोल्डरचे गोळे असतात. रिफ्लेक्टरचा बूड किंवा लेन्स-होल्डरचा पाय त्या गोळ्यावर चढतो, एक बाजू मिलिमीटरभर उचलली जाते आणि ठिपका कुठल्या कुठे जातो. गोळा गरम करून सपाट करा, वायर खाली आडवी झोपवा, किंवा होल्डरच्या पायाला तेवढी खाच पाडा.

उंची ठरवण्यासाठी सेल परत लावा आणि ड्रायव्हर सगळ्यांत कमी मोडवर ठेवा. रिफ्लेक्टर हातात धरून एलईडीवर हळूहळू वर-खाली करा, नजर ३ मीटरवरच्या भिंतीवर. एका जागी भोक बुजतं आणि ठिपका सगळ्यांत लहान आणि तेज होतो. ती उंची कायम करायला खाली चकत्या घाला. साधा झेरॉक्सचा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो, लग्नपत्रिकेचा किंवा व्हिजिटिंग कार्डाचा पुठ्ठा ०.३ च्या आसपास. मापासाठी कागद ठीक आहे. एकदा जाडी कळली की तेवढीच फायबरची चकती किंवा कॅप्टॉन टेपचे (उष्णता सोसणाऱ्या, वीज न वाहणाऱ्या पिवळट टेपचे) थर घाला, कारण पावसाळ्यात कागद फुगतो आणि सगळं मुसळ केरात.

लेन्स खाली बसवताना ती एलईडीच्या घुमटावर टेकता कामा नये. हा घुमट मऊ सिलिकॉनचा असतो. दाबला तर आतली केसासारखी तार तुटते आणि एलईडी जातो.

होल्डरचंही माप असतं. क्री कंपनीच्या एक्सपी मालिकेचा एलईडी ३.४५ मिमी चौरस, एक्सएम-एल ५ मिमी चौरस. एक्सएमचा होल्डर एक्सपीवर बसवला तर चारही बाजूंना पाऊण मिलिमीटर मोकळं राहतं. लहान लेन्सला तेवढं सरकणं फार झालं. दुकानात विचारताना ‘वीस एमएमची लेन्स’ एवढंच सांगू नका, कोणत्या एलईडीसाठी होल्डर हवा तेही सांगा.

टीआयआर लेन्सच्या कडेला डिंक

हा दोष इतका नेहमीचा आहे की वेगळा सांगायला हवा. शंकूच्या आकाराची जी भरीव लेन्स मिळते, ती टीआयआर. तिच्यात आरसा कुठेच नसतो. बाजूच्या भिंतीवर आतून ४२ अंशांपेक्षा जास्त तिरपा पडलेला किरण पूर्ण परावर्तित होतो, म्हणून ती काम करते. हे घडायला त्या भिंतीबाहेर हवा लागते. मजबुतीसाठी तिथे एपॉक्सी, सिलिकॉन किंवा एम-सीलसारखी पुट्टी भरली की तेवढ्या जागेतून उजेड गळून जातो. रंग लावला तरी तेच.

पावसात ठिपका पसरण्याचं कोडंही इथेच सुटतं. लेन्सच्या बाजूला पाणी शिरतं, हवेची जागा पाणी घेतं आणि आत परतणारा बराचसा किरण बाहेर पडतो. वाळलं की दिवा पूर्ववत. लेन्स फक्त वरच्या पातळ कडेने पकडा आणि पुढे सपाट काच देऊन रबरी रिंगने पाणी अडवा. साधी काच दोन्ही पृष्ठांवर मिळून सुमारे ८ टक्के उजेड परत फेकते. एवढं नुकसान पावसाळ्यासाठी परवडतं.

सील करायला न्यूट्रल सिलिकॉन मागा. ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते बंद डबीत नको. त्याचं आम्ल तांब्याला खातं आणि एलईडीलाही बाधतं.

मोठा एलईडी घेतला तरी उजेड लांब का जात नाही

आता राहिलेला हिशोब. ठिपका किती पसरेल हे लेन्सवर एकटीवर ठरत नाही. एलईडीचा पिवळा चौकोन केवढा आहे आणि लेन्स केवढी, या जोडीवर ठरतं. एक्सपी-ईचा चौकोन साधारण १ मिमीचा, एक्सपी-जीचा १.४, एक्सएम-एलचा २. तीच लेन्स १ मिमीवर १० अंशांचा ठिपका देत असेल, तर २ मिमीवर ती साधारण २० अंशांचा देते. कोन दुप्पट झाला की उजेड चौपट क्षेत्रावर पसरतो. आता समजा नव्या एलईडीने लुमेन दुप्पट दिले. दुप्पट भागिले चौपट, म्हणजे ठिपक्याचा मध्य आधीपेक्षा निम्माच. सेलही लवकर संपतो. ‘जास्त वॅटचा घातला तरी लांब जात नाही’ ही तक्रार खोटी नाही, गणितातच तसं आहे.

मोठा एलईडी वापरायचाच असेल तर लेन्सही त्याच प्रमाणात मोठी घ्या. सीओबी पट्टीचा तर विचारच सोडा. बोटाएवढ्या पिवळ्या पृष्ठाला सायकलवर मावेल अशी लेन्स काबूत आणू शकत नाही. चार तुकड्यांचा एक्सएचपीसारखा एलईडी गुळगुळीत रिफ्लेक्टरमध्ये घातला तर मधल्या फटीची अधिकच्या खुणेसारखी काळी सावली पडते. चकत्या घालून ती जात नाही. त्याला खरबरीत, म्हणजे दुकानदार ‘ऑरेंज पील’ म्हणतो तो रिफ्लेक्टर लागतो.

सायकलच्या दिव्याला एक्सपी-जीच्या आकाराचा एलईडी हा माझ्या मते योग्य मध्य. ३५० मिलिअँपच्या चार ७१३५ चिप असलेला ड्रायव्हर त्याला १.४ अँपिअर देतो, एलईडीची मर्यादा १.५ ची आहे.

कोणता कोन घ्यावा

पाकिटावर लिहिलेला कोन म्हणजे उजेडाची कड नव्हे. मध्याच्या दोन्ही बाजूंना निम्मी तीव्रता जिथे उरते, त्या दोन कडांमधला तो कोन. त्याच्या बाहेरही उजेड असतोच.

पुन्हा त्या भिंतीकडे चला. मध्य पट्टीच्या ३० सेंमी खाली आहे. १० अंशांच्या लेन्सची वरची कड मध्यापासून २६ सेंमी वर येते, म्हणजे पट्टीच्या जेमतेम खाली राहते. २० अंशांची कड ५३ सेंमी वर येते, पट्टी ओलांडून २३ सेंमी पुढे. गोल ठिपक्याच्या लेन्सला १० अंश ही डोळे न दिपवण्याची जवळपास शेवटची हद्द आहे, ती अशी.

पण १० अंशांचा गोल ठिपका १० मीटरवर फक्त पावणेदोन मीटर रुंद पडतो आणि चाकापुढचे पहिले ५ मीटर जवळपास कोरे ठेवतो. ताशी १८ किलोमीटरच्या वेगात ५ मीटर म्हणजे एक सेकंद. सिमेंट रस्त्याच्या दोन पट्ट्यांमधली लांबलचक फट, जिच्यात बारीक टायर अडकतो, ती याच ५ मीटरमध्ये असते. ‘लांबची पाटी दिसते, खड्डा नाही’ हे लक्षण इथलं.

उपाय लंबगोल लेन्सचा. १० बाय ४० अंशांची लेन्स आडवी बसवली की उंची १० अंशांचीच राहते आणि १० मीटरवर रुंदी सात मीटरच्या वर जाते. हिच्या तोंडावर समांतर रेषा असतात. रेषा उभ्या ठेवल्या की उजेड आडवा पसरतो. उलटी बसवली तर उजेड झाडांच्या शेंड्यांवर. भिंतीवर बघूनच घट्ट करा.

सर्वांत चांगली जोडी दोन एलईडींची: एकावर १० अंशांची गोल लेन्स १०-१२ मीटरवर, दुसऱ्यावर लंबगोल लेन्स थोडी जास्त खाली वाकवून, ५ मीटरच्या आसपास. वर्धा रोडवर, जिथे वरून दिवे असतातच, दुसरी एकटी पुरते. हिंगण्याच्या एमआयडीसीतून रात्रपाळी करून येणाऱ्याला किंवा काटोल नाक्यापुढे जाणाऱ्याला दोन्ही लागतात.

रिफ्लेक्टर वाईट नाही, पण त्याची एक मर्यादा माहीत असू द्या. एलईडीतून सरळ पुढे निघणारा उजेड त्याच्या भिंतीला लागतच नाही. तो ठिपक्याभोवती मोठा फिका गोल होऊन पसरतो आणि त्याचा वरचा अर्धा भाग समोरच्याच्या डोळ्यांत जातो. रिफ्लेक्टरच ठेवायचा असेल तर दिव्याला वरून टोपीच्या चोचीसारखी काळी पट्टी पुढे काढा. टीआयआर लेन्स हा मधला उजेडही पकडते, म्हणून गावात तीच बरी.

निळसर-पिवळट गोलासाठी नवीन लेन्स आणण्याआधी आहे त्याच लेन्सवर धुरकट पारदर्शक चिकटपट्टीचा एक थर लावून बघा. रंग मिसळले आणि रस्ता पुरेसा दिसला, तर खरबरीत तोंडाची लेन्स घ्या, कोन तोच ठेवून. चिकटपट्टी तशीच ठेवू नका, महिन्याभरात पिवळी पडते.

मंदावणं आणि बंद पडणं

एलईडीला दिलेल्या विजेचा निम्म्याहून जास्त भाग उष्णतेत जातो. सायकल चालू असताना वारा मदत करतो, सिग्नलला थांबलं की नाही. नागपुरात मे महिन्यात हवाच ४५ अंशांची, डबीला गार व्हायला जागा उरत नाही. चार-पाच वॅटच्या दिव्याला दर वॅटमागे ३० ते ६० चौ. सेंमी उघडं ॲल्युमिनियम धरा. लोहाओळीत, म्हणजे लोखंडाच्या बाजारात, चौकोनी ॲल्युमिनियम पाइपचा तुकडा मिळतो, प्लास्टिकच्या डबीपेक्षा तो केव्हाही चांगला. पट्टी आणि पाइप यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर हवा, लोण्यासारखा जाड नव्हे. दहा मिनिटांनी डबीवर बोट पाच सेकंद टेकवता आलं नाही तर करंट कमी करा. ॲक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं. एलईडीजवळचा लेन्सचा खळगा एकदा बेढब झाला की फोकस कायमचा गेला.

रिफ्लेक्टर कसला की दिवा बंद, याचं कारण ॲल्युमिनियमचा बूड पट्टीवरच्या प्लस-मायनस टाक्यांना टेकतो. सेल काढून मल्टिमीटरच्या बीपवर रिफ्लेक्टर आणि प्रत्येक टाका तपासा. बीप आला तर मध्ये कॅप्टॉन टेपची चकती. बीप येतो-जातो असं असेल तर दिवा तसाच वापरू नका. शॉर्ट झालेला लिथियम सेल काही क्षणांत वायर वितळवतो.

इथे थांबा

सेल फुगला, चार्ज होताना तापला किंवा त्याचं आवरण फाटलं, तर लेन्सचं काम बाजूला ठेवा आणि स्पॉट वेल्डिंग करणाऱ्या बॅटरीवाल्याकडे जा. सेलवर थेट सोल्डरिंग आयर्न टेकवू नका. संरक्षक सर्किट नसलेला पॅक असेल तरीही त्याच्याकडेच.

इलेक्ट्रिक सायकलच्या ३६ किंवा ४८ व्होल्टच्या पॅकमधून दिव्यासाठी वायर काढायची असेल तर ती सर्व्हिसवाल्याकडून काढून घ्या. एलईडीचा खालचा पॅड उखडला असेल किंवा एलईडीच बदलायचा असेल, तर साध्या आयर्नने तो नीट बसत नाही, कारण उष्णता खालच्या मधल्या पॅडमधूनच जाते. बर्डीतल्या एखाद्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे हॉट एअर असतं, त्याचं हे पाच मिनिटांचं काम.

आणि कारच्या लो बीमसारखी वरून सरळ कापलेली उजेडाची कड हवी असेल, तर घरी प्रयत्न करू नका. तो रिफ्लेक्टर हिशोबाने घडवलेल्या वेगवेगळ्या पृष्ठांचा असतो, काळी पट्टी चिकटवून तशी कड येत नाही. जर्मनीत सायकलच्या दिव्यांना उजेड वर जाऊ न देण्याचा नियम आहे, त्या नियमात बसणारा तयार दिवा घ्या आणि घरचा दिवा मागच्या अंगणात वापरा.